चोवीस तास काच उतरवू नका

तुर्भ्याला, मार्केटमागच्या गल्लीत,
टायरवाला आणि ताडपत्रीवाला यांच्यामधे
अन्वरचं दुकान. दुकान म्हणजे एक शटर
आणि शटरला टांगलेली व्हायझर,
जोडीजोडीने,
सुकट वाळत घातल्यासारखी.

"क्रोम पट्टीचं घ्या," अन्वर म्हणाला,
"गाडी उठून दिसते."
बर्फाची गाडी आहे, मी म्हटलं,
पहाटे साडेतीनला
उठून कुणाला दिसायचीय?

दमयंती खाली उतरली.
एकेक व्हायझर कानाशी धरून
नखाने वाजवून बघितलं तिने,
माठ घेताना बघतात तसं.
स्वस्तातलं कडकड बोललं, ते परत टांगलं.
धुरकट रंगाचं बद्द वाजलं.
"हे," ती म्हणाली. "हे ऊन खाईल."
मी साडेआठशेवर, अन्वर अकराशेवर.
शेवटी साडेनऊशे
आणि पुढच्या खेपेला एक वाटा बोंबील.

उजवं दार सात मिनिटांत झालं.
दुकानातल्या पोराने स्पिरिटने चौकट पुसली,
केस वाळवायच्या मशीनने तापवली,
टेपचा लाल कागद सोलत, अंगठा दाबत
पुढून मागे गेला,
करंजीची कड मिटावी तसा.

डावं बसेना.
मधोमध नखभर फट.
पोराने काढलं, पुन्हा धरून बघितलं,
मग दारावरून तळवा फिरवला, डोळे मिटून,
आणि विचारलं,
"इथे ठोकली होती का कधी?"

आम्ही दोघंही गप्प.

तीन वर्षं झाली. दिवाळे गावच्या जेट्टीवर
रिव्हर्स घेताना पुंडलिकने खांबाला घातली होती.
पुंडलिक म्हणजे हिचा धाकटा भाऊ,
तेव्हा गाडीत निम्मा वाटा त्याचा.
टिंकरने पोचा काढला, रंगाला रंग मिळवला,
मला वाटलं, आता दिसत नाही.
बिल कुणी भरायचं यावरून
अंगणात जे बोललो आम्ही एकमेकांना,
ते कुठल्या टिंकरकडे न्यायचं
कळलं नाही.

"राहू दे फट," दमयंती म्हणाली.
अन्वरने तिथे दुहेरी टेप मारली,
पैसे मोजून घेतले आणि बजावलं:
चोवीस तास काच उतरवू नका.

मे महिना.
मागे गोणपाटाखाली बर्फाच्या बावीस लाद्या,
पुढे आम्ही दोघं, काचा बंद,
टोपात झाकण ठेवून शिजवल्यासारखे.
माझं कोपर सारखं खिडकीकडे जायचं
आणि काचेवर आपटायचं.
तिने ओढणीत बर्फाचा तुकडा बांधला,
आधी स्वतःच्या मानेला लावला, मग माझ्या.
एल.पी.च्या सिग्नलला एक पोरगी
मोगऱ्याचे गजरे घेऊन काचेवर टकटक करत राहिली.
दमयंतीने आतून हातानेच सांगितलं:
उद्या.

दुसऱ्या दिवशी, तास मोजून,
काच दोन बोटं उतरवली.
वारा आला. खाणीची धूळ आली नाही,
ऊन वरच्या वर अडलं, धुरकट, पचनी पडल्यासारखं.
"साडेनऊशे वसूल," मी म्हटलं.

आणि नेरूळ सोडल्यावर
डाव्या दारातून शीळ ऐकू आली.
बारीक, शेवटाला जराशी वर चढणारी.
तिसाला नुसता श्वास.
चाळीसला वाजते. पन्नासला थांबते.
मी वेग बदलून बदलून बघितलं.

"पुंड्या अशीच मारायचा," ती म्हणाली,
"होडी लागली की."
तिने काच वर केली नाही.
खालीही केली नाही.

उरण फाट्याचा पूल आला.
तिथे सगळे साठ-सत्तरने सुटतात.
मागून टँकरवाला हॉर्नवर बसला होता,
आमच्या मागे बर्फाचं पाणी
रस्त्यावर रेघ ओढत होतं,
लाद्या मिनिटामिनिटाला हलक्या होत होत्या,
आणि मी काटा
चाळीसवर धरून होतो.